मांजराच्या पिलाचा नखरा

घरात माणसे पुष्कळ असली म्हणजे मांजराच्या पिलाचे पोट रिकामे राहावयाचे नाही, असा सर्वसाधारण समज आहे. आमचे निरीक्षण थोडे निराळे आहे. ज्या घरी भरवणारे हात दहा, त्याच घरी पिलू अर्धपोटी राहण्याचा संभव अधिक. बशी पुढे ठेवली की ते येते, दोनदा हुंगते, पुढच्या पंजाने भोवतालची फरशी उकरल्यासारखे करते आणि शेपटी उभारून चालू लागते. मग कोणी म्हणते, ‘माजले आहे’. कोणी म्हणते, ‘भूक लागली म्हणजे खाईल आपोआप’. ह्या दोन वाक्यांनी बहुतेक घरांत ह्या प्रश्नाचा निकाल लागतो. परंतु पिलाचा नकार हा नुसता नखरा नसून पुष्कळदा त्याचे काही सांगणे असते. आणि ते ऐकले नाही तर त्या इवल्याशा जिवास त्याची किंमत मोजावी लागते. म्हणून ह्या विषयाचा थोडा विस्ताराने विचार करणे इष्ट आहे.

प्रथम हा प्राणी कोण, हे पाहू. संस्कृतात त्यास मार्जार म्हणतात, आणि हा शब्द ‘मृज्’ म्हणजे स्वच्छ करणे ह्या धातूपासून साधतात. अंग चाटून सदैव निर्मळ राहणारा तो मार्जार. त्याचेच दुसरे नाव आखुभुक्, म्हणजे उंदीर खाणारा. पूर्वजांनी पहिल्या नावात त्याचा आचार सांगितला आणि दुसऱ्यात आहार. आपण मात्र पहिले नाव लक्षात ठेवले, दुसरे सोयीस्करपणे विसरलो, आणि त्याच्यापुढे दूधभाताची वाटी सरकवली.

ह्या दुसऱ्या नावाचा अर्थ आधुनिक शास्त्राने फार स्पष्ट केला आहे. कुत्रा बऱ्याच अंशी मिश्राहारी आहे. मांजर तसे नाही. त्याच्या शरीराला टॉरीन नावाचे एक द्रव्य लागते. ते आपल्या देहात पुरेसे तयार होते, मांजराच्या देहात होत नाही. आणि धान्य-भाजीत ते जवळजवळ नसतेच. मांस व मासे हेच त्याचे खरे उगमस्थान. ते न मिळाल्यास मांजराच्या डोळ्यांतील पडदा झिजतो, हे १९७५ साली सिद्ध झाले. हृदयाचे स्नायू दुर्बळ होतात, हे १९८७ साली कॅलिफोर्नियात दाखवून देण्यात आले. गाजरातील पिवळ्या द्रव्यापासून आपले शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनविते. मांजरास तेही साधत नाही, त्यास ते प्राणिज अन्नातूनच मिळावे लागते. त्याच्या जिभेस गोड चवच कळत नाही, असे २००५ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी शोधून काढले. तेव्हा सणाच्या दिवशी मोठ्या प्रेमाने पुढे ठेवलेली बासुंदी जर पिलाने चाटली, तर ती साखरेसाठी नव्हे, तीतील स्निग्धपणासाठी, हे ध्यानात असावे.

राहिले दूध. आईचे दूध सुटल्यावर दुधातील साखर पचविण्याची शक्ती बहुतेक पिलांत हळूहळू कमी होते. काहींस थोडे दूध सोसते, पुष्कळांचे पोट बिघडते; आणि ज्यांस सोसते त्यांचेही पोट नुसते भरते, पोषण होत नाही. दूधभात हुंगून निघून जाणारे पिलू कित्येकदा आपल्यापेक्षा शहाणे असते!

स्वभावाची गोष्ट झाली, आता सवयीची. पिलू सुमारे चार आठवड्यांचे झाले की दुधाखेरीज अन्य अन्नास तोंड लावू लागते, आणि आठ आठवड्यांच्या सुमारास ते पुरते सुटे होते. ह्या मधल्या काळात आई जे खाते तेच ‘अन्न’, असा संस्कार त्याच्या मनावर होतो. हा संस्कार किती बलवान असतो, ह्याविषयी १९७८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मोठा मनोरंजक आहे. काही मांजरींना केळे खाण्याची सवय लावण्यात आली. तेव्हा त्यांची पिले, जवळ मांसाचे अन्न असतानाही, आईबरोबर केळे खाऊ लागली! ह्यावरून केळे हे मांजराचे अन्न ठरत नाही. आईचे वळण निसर्गावरही क्षणभर मात करते, एवढेच ठरते. म्हणून पिलू घरी आणताना, ते आधी काय खात होते, ही चौकशी अवश्य करावी. पंधरा दिवस तेच अन्न द्यावे आणि मग बदल करावा. सहा आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेले पिलू तर मुळीच आणू नये.

एका वाईट अनुभवानेही पिलाचे मन एखाद्या अन्नावरून उठते. तेनालीरामाच्या मांजराची आख्यायिका आपल्या मुलांस ठाऊक असतेच. कढत दुधाने त्याचे तोंड पोळले आणि पुढे दुधाची वाटी दिसताच ते पळू लागले. गोष्ट विनोदाची, परंतु तीतील निरीक्षण अचूक आहे. ज्या अन्नातून कडू औषध दिले, किंवा जे खाल्ल्यावर ओकारी झाली, ते अन्न मांजर दीर्घकाळ टाळते. यास्तव औषध नेहमीच्या जेवणात कधीही मिसळू नये.

आता आमच्या एकत्र कुटुंबांविषयी. सकाळी आजीबाई साय देतात. शाळेस जाता जाता नातू बिस्किटाचा तुकडा टाकतो. दुपारी काकू पोळी कुसकरतात. रात्री कोणी चोरून पापडाचा तुकडा देते. प्रत्येकाने किंचितच दिलेले असते, आणि प्रत्येकास वाटते की पिलू सकाळपासून उपाशी आहे. वस्तुतः त्याची भूक मोडलेली असते आणि पोषण शून्य झालेले असते. शिवाय एक बशी नाकारली की दुसरी अधिक रुचकर येते, हे ते दोन दिवसांत शिकते. त्यास नखरे कोणी शिकविले, ह्याचे उत्तर सांगावयास नकोच.

ह्यावर उपाय अवघड नाही; शिस्तीचा मात्र आहे. पिलाच्या जेवणाचे काम घरातील एकाच व्यक्तीकडे असावे, आणि इतरांनी, आजोबांसुद्धा, काहीही देऊ नये. दोन-तीन महिन्यांच्या पिलास दिवसातून चार वेळा, पुढे सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा थोडे थोडे द्यावे. कारण त्याचे पोट लहान, आणि निसर्गात ते एकेक उंदीर असे दिवसभर खाणारे. बशी पसरट व उथळ असावी. ती माणसांच्या वर्दळीपासून आणि पिलाच्या शौचाच्या जागेपासून दूर ठेवावी. अन्न फ्रिजमधून काढून तसेच देऊ नये, कोमट करून द्यावे. मांजर चवीपेक्षा वासाने जेवते आणि गार अन्नास वास नसतो. अर्ध्या तासाने बशी उचलावी; पुढच्या वेळेपर्यंत मधे काही नाही. नवे अन्न जुन्यात चिमूटभर मिसळून, आठ-दहा दिवसांत प्रमाण वाढवीत न्यावे. पाणी मात्र सदैव जवळ असावे. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका व चॉकलेट ही मांजरास विषासमान आहेत. फोडणीची आमटी व मसालेभात ह्यांत कांदा-लसूण पुष्कळदा असतो, हे विसरू नये.

तथापि शिस्तीलाही मर्यादा आहे. ‘भूक लागली म्हणजे खाईल’ हा न्याय मांजरास लागू नाही. मोठे मांजरही दोन-तीन दिवस निराहार राहिले तर त्याच्या यकृतात चरबी साचून जिवावर बेतते; पिलास तर तितकाही अवकाश नसतो. बारा तास त्याने काहीच खाल्ले नाही, किंवा ते मलूल झाले, तर थेट पशुवैद्याकडे न्यावे. नाक चोंदले असेल तर वास येत नाही, म्हणून ते खात नाही. पोट टम्म आणि अंग रोड असेल तर जंत असण्याचा संभव. तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान दुधाचे सव्वीस दात पडून कायमचे तीस येतात, तेव्हाही हिरड्या दुखून ते घास टाकते. अशा वेळी अन्न मऊ करून द्यावे. दर आठवड्यास त्याचे वजन करून कॅलेंडरवर लिहून ठेवावे. वाढत्या पिलाचे वजन आठवड्यास सुमारे शंभर ग्रॅम वाढावयास हवे. माणसाच्या मतापेक्षा काटा अधिक खरे बोलतो.

आता मुख्य अडचणीकडे वळू. ज्या घरात अंडेही उंबरा ओलांडत नाही, तेथे हे सारे कसे जमावे? आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात हाच पेच पडला होता. लहान-मोठी मिळून चौदा माणसे. पिलू तीन महिन्यांचे, आणि वजन अवघे नऊशे ग्रॅम. पशुवैद्यांनी स्पष्ट सांगितले की दूधभातावर हे जगणार नाही. घरात दोन पक्ष पडले. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, ‘सोवळ्याच्या घरात हे चालावयाचे नाही. मांजराला सवय लावली की तेही शाकाहारी होते.’ निकाल अर्थातच आजींकडे गेला. आजींनी लहानपणी वडिलांच्या तोंडून हितोपदेशातील कथा ऐकल्या होत्या. भागीरथीच्या तीरी राहणारा दीर्घकर्ण नावाचा मार्जार आपण नित्य स्नान करणारे, निरामिष व चांद्रायण व्रत आचरणारे आहोत, असे म्हाताऱ्या गिधाडास पटवितो, त्याच्या ढोलीत आश्रय मिळवितो आणि पाखरांची पिले फस्त करतो, ती कथा त्यांस आठवली. त्या एवढेच म्हणाल्या, ‘अगं, त्या दीर्घकर्णाने आपल्या तोंडाने व्रत घेतले होते, म्हणून तो लबाड. आपल्या पिलाने व्रत कधी घेतले? ते आपणच त्याच्या गळ्यात बांधतो आहोत.’

ह्यावर कोणास उत्तर सुचले नाही. मागील पडवीत पिलाची बशी, झाकणाचा डबा आणि भांडी घासावयाची निराळी घासणी अशी व्यवस्था झाली. टॉरीन घातलेले तयार मांजरखाद्य बाजारात मिळते. ते कोमट पाण्यात भिजवून धाकटी सून देऊ लागली. स्वयंपाकघराचे सोवळे अबाधित राहिले आणि महिन्याभरात पिलाने काट्यावर दीड किलोचा आकडा गाठला. आता जाऊबाईच बशीची वेळ झाली की हाक मारतात, असे ऐकतो.

ज्या घरी एवढेही होणे नाही, त्यांस आमचा नम्र सल्ला असा की, मांजर पाळू नये. ते मत्स्याहारी शेजाऱ्यास द्यावे आणि येता-जाता त्यास कुरवाळून यावे. त्यात कमीपणा नाही. मांजर मारल्याचे पातक सोन्याचे मांजर दान केल्याखेरीज फिटत नाही, अशी आपल्याकडे समजूत आहे. काठीने मारणे आपण टाळतो, हे ठीकच. परंतु न मानवणाऱ्या अन्नावर त्यास महिनोन्‌महिने झिजविणे ह्यास दुसरे नाव काय द्यावे, ह्याचा विचार ज्याने त्याने करावा.

आपल्या धर्मात गृहस्थास पंचमहायज्ञ सांगितले आहेत, त्यांत भूतयज्ञ हा एक आहे. गाईस आपण गवत घालतो, कावळ्यास भात ठेवतो, मुंग्यांस साखर घालतो. कावळ्यापुढे गवत आणि गाईपुढे साखर ठेवून ‘घे, हेच आमच्या घरचे’ असे कोणी म्हणत नाही. दानात पात्र पाहावयाचे ते दात्याच्या सोयीसाठी नव्हे, घेणाऱ्याच्या गरजेसाठी. घरच्या मांजराच्या पिलासही हाच न्याय लावावा, एवढेच आमचे मागणे आहे.