गळ टाकण्याआधी एवढं जाणून घ्या

राळेगाव तालुक्याच्या कडेने वर्धा नदी वाहते आणि बेंबळा प्रकल्पाचं कालव्याचं पाणीही तालुक्यात पोचतं. त्यामुळे सुटीत पाहुणे आले, की मासे धरायला कुठे जायचं हा विषय निघतोच. सांगणारे पुष्कळ, पण त्यातलं बरंचसं ऐकीव. नेहमी कानावर येणारे सहा समज इथे तपासून पाहू.

गैरसमज १ : धरण सरकारचं, मग गळ टाकायला विचारायचं कशाला?

वस्तुस्थिती : जलाशयातल्या मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. रोहू, कटला आणि मृगळ पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात, साचलेल्या पाण्यात सहसा नाही. म्हणून संस्था पैसे खर्चून बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, आणतात आणि जलाशयात सोडतात. 10 जुलै 1957 रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशातल्या अंगुळ इथे संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन यांपैकी काही जातींचं प्रजनन घडवून आणलं. हॅचरीत मत्स्यबीज तयार होऊ लागलं ते त्या प्रयोगानंतर. तेव्हा बाभूळगाव तालुक्यातल्या बेंबळा धरणावर जायचं असो की गावच्या तलावावर, आधी संस्थेला किंवा यवतमाळच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला विचारा.

गैरसमज २ : जंगलातल्या तलावात मासे जास्त, तिथेच जावं.

वस्तुस्थिती : टिपेश्वर आणि पैनगंगा ही यवतमाळ जिल्ह्यातली अभयारण्यं आहेत. तिथे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. सफारीचं तिकीट म्हणजे मासेमारीचा परवाना नव्हे. अभयारण्यात गळ टाकला तर गुन्हा दाखल होऊ शकतो.

गैरसमज ३ : पहिल्या पुराचे मासे लुटायचेच असतात.

वस्तुस्थिती : चढणीचे मासे नाल्या-ओढ्यांत चढतात ते अंडी घालायला. पोटात गाबोळी असलेली एक मादी धरली, की हजारो पिल्लं जन्माआधीच संपतात. मरळीचं तर आणखी वेगळं आहे. तिची पिल्लं पाण्याच्या वरच्या थरात थव्याने फिरतात आणि आईबाप त्यांची राखण करतात. असा थवा दिसला तर तिथे गळ टाकू नका. पाण्यात विष कालवणं किंवा स्फोट घडवून मासे मारणं हा 1897 च्या भारतीय मत्स्य कायद्यापासूनच गुन्हा आहे.

गैरसमज ४ : गांडूळ लावलं की कुठलाही मासा लागतो.

वस्तुस्थिती : कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. गळ किती खोल सोडायचा ते त्यावरून ठरवा. रोहू-मृगळांसाठी कणकेत शेंगदाण्याची ढेप मळून केलेला गोळा चालतो. मरळ शिकारी मासा आहे, तिला छोटी मासोळी किंवा बेडूक हवा. गांडुळावर भर दिला तर बहुतेक वेळा काटेरी मासेच हाती येतात. ते गळावरून सोडवताना काटा लागतो, म्हणून हे काम मुलांना देऊ नका.

गैरसमज ५ : खरी मासेमारी समुद्रातच, आणि समुद्र म्हणजे मुंबई-कोकण.

वस्तुस्थिती : राळेगावहून सरळ रेषेत मोजलं, तर अरबी समुद्रापेक्षा बंगालचा उपसागर जवळ आहे. वर्धेचं पाणीही प्राणहिता आणि गोदावरीतून तिकडेच जातं. पण समुद्राला वेळापत्रक आहे. यांत्रिक बोटींना पूर्व किनाऱ्यावर 15 एप्रिल ते 14 जून आणि पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै बंदी असते. उन्हाळ्याच्या सुटीचा मोठा भाग त्यातच जातो, दिवाळीत मात्र दोन्ही किनारे खुले असतात.

मालवणला गेलात तर तिथे 1987 पासून सागरी अभयारण्य आहे आणि सिंधुदुर्ग किल्ला त्याच परिसरात येतो, हे ध्यानात असू द्या. राज्यमासा म्हणून 2023 मध्ये जाहीर झालेलं पापलेट गळाला लागेल, अशी आशाही धरू नका. तो जाळ्यातला मासा आहे. त्यापेक्षा किनाऱ्यावर रापण, म्हणजे काठावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं, ओढताना पाहा. मच्छीमारांनी हो म्हटलं, तर मुलांना दोराला हात लावता येईल.

गैरसमज ६ : समुद्र धोक्याचा, नदी घरची.

वस्तुस्थिती : सप्टेंबर 2021 मध्ये वरूड तालुक्यात झुंज इथे याच वर्धा नदीत नाव उलटली आणि एकमेकांच्या नात्यातल्या 11 जणांचा जीव गेला. रेती उपसल्याने पात्रात खड्डे पडतात. वरून गुडघाभर वाटणारं पाणी पुढच्या पावलाला पुरुषभर खोल निघतं. धरणाच्या दारांखाली मासे जमतात हे खरं, पण वरून पाणी सुटलं की पळायला वेळ मिळत नाही. मुलांना काठापासून दूर बसवा. नावेत चढायचं तर प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट हवंच.

थोडक्यात, ठिकाणाआधी परवानगी आणि हंगाम पाहा. पाऊस सरलेला असतो, जलाशय भरलेले असतात आणि ऊन मवाळ असतं, म्हणून राळेगावकडे गळ टाकायला दिवाळीची सुटी सर्वांत चांगली. सकाळी लवकर जा, बोटभर पिल्लं लागली तर पाण्यात परत सोडा आणि तुटलेली नायलॉनची दोरी काठावर टाकू नका, त्यात पक्ष्यांचे पाय अडकतात. गळाला काही लागलं नाही, तर तिथल्याच ढिवर-भोई बांधवांकडून ताजे मासे विकत घ्या.