लाकडी पेटीचे पारपत्र

मालवण, तारकर्ली किंवा गोव्यातील कळंगुटच्या किनाऱ्यावर लाटांवरून उसळत जाणारी 'जेट स्की' आता आपल्या चांगल्याच परिचयाची झाली आहे. खरे तर 'जेट स्की' हे कावासाकी या जपानी कंपनीचे व्यापारचिन्ह. यामाहाच्या अशाच वाहनाला 'वेव्हरनर' म्हणतात, तर कॅनडातील बीआरपी कंपनीचे वाहन 'सी-डू' या नावाने विकले जाते. यामाहाची ही वाहने अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात आणि सी-डू मेक्सिकोतील केरेतारो शहरात तयार होतात. साहजिकच लाटांवर धावण्यापूर्वी या यंत्राला बहुधा एक लांबचा सागरी प्रवास करावा लागतो, आणि तोही बंद पेटीत बसून.

कारखान्यातून निघताना त्या त्या मॉडेलच्या मापाचा सांगाडा त्याच्याभोवती असतो. मात्र यंत्र एकदा बाहेर काढले की हा सांगाडा भंगारात जातो. पुढे मालक देश बदलतो, जुने यंत्र परदेशातील ग्राहकाला विकले जाते, किंवा एखादा स्पर्धक अमेरिकेतील लेक हवासू येथील स्पर्धेसाठी आपले यंत्र पाठवू इच्छितो. अशा वेळी गावातल्या सुताराला बोलावून लाकडी पेटी बनवून घेण्याखेरीज गत्यंतर नसते. 'चार फळ्या ठोकल्या की झाले' ही समजूत इथेच महागात पडते. लाखो रुपयांचे यंत्र सुखरूप पोहोचणार की नाही, हे पेटीच्या भिंतींपेक्षा तिच्या बैठकीवर अवलंबून असते. आणि त्याला परक्या बंदरात प्रवेश मिळणार की नाही, हे पेटीच्या लाकडावर.

मापाचे गणित

तीन आसनांची जेट स्की साधारण सव्वातीन ते साडेतीन मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद असते. वजन ३५० किलोच्या आसपास भरते. तिच्यासाठी केलेल्या पेटीचे बाहेरचे माप ३.७ मीटर लांब, १.४ मीटर रुंद आणि १.४ मीटर उंच धरले, तर आकारमान सुमारे सव्वासात घनमीटर होते. इतरांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमधून माल पाठवताना जहाजाचे भाडे एक टन वजन किंवा एक घनमीटर जागा यांपैकी जे जास्त भरेल त्यावर आकारण्याची प्रथा आहे. आपल्या पेटीचे वजन जेमतेम अर्धा टन. म्हणजे पैसे मोजायचे ते जागेचेच. आरसे काढून ठेवले आणि सुकाणू खाली झुकवून पेटीची उंची केवळ दहा सेंटिमीटरने कमी केली, तर अर्ध्या घनमीटरचे भाडे वाचते. तथापि ही काटकसर यंत्राला भिंत टेकेपर्यंत ताणू नये. चहूबाजूंनी चार-पाच सेंटिमीटर मोकळी जागा हवीच. कारण पट्ट्यांनी कितीही आवळले तरी यंत्र थोडेफार हलते.

बैठक भक्कम हवी

पेटीची बैठक म्हणजे लांबीच्या दिशेने टाकलेले चार इंची चौरस वासे आणि त्यांवर आडव्या ठोकलेल्या जाड फळ्या. वाशांमुळे जमीन आणि फळ्या यांच्यात जी फट राहते, तीतून फोर्कलिफ्टचे दात आत शिरतात. ही फट ठेवायचे विसरले, तर बंदरावरचा चालक दात कोठेतरी घुसवणारच, आणि मग फळीबरोबर होडीचा तळही फुटतो.

या तळाचीही एक खोड आहे. तो सपाट नसतो, मध्ये निमुळता असतो. शिवाय त्याच्या खालच्या बाजूस पाणी ओढून घेणारी जाळी आणि मागे ते जोराने फेकणारा पंप असतो. या पंपाच्या रेट्यावरच हे वाहन धावते. यंत्राचा भार या जाळीवर किंवा पंपाखालच्या पत्र्यावर येता कामा नये. म्हणून मधल्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, तळाच्या उताराप्रमाणे तासलेल्या दोन लांब लाकडी पट्ट्या बसवतात आणि त्यांवर जाड गालिचा किंवा रबर लावतात. भार जितक्या लांबीवर पसरेल तितका तळाला धोका कमी. पुढे नाकाशी आणि मागे शेपटीशी एकेक अडसर ठेवला, की लांबीच्या दिशेने सरकणेही थांबते.

यापुढचा प्रश्न बांधण्याचा. कंटेनरमध्ये माल कसा बांधावा याविषयी आंतरराष्ट्रीय सागरी संघटना, आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा युरोपीय आर्थिक आयोग यांनी २०१४ साली एक संहिता प्रसृत केली. खवळलेल्या समुद्रात जहाज डोलू लागले की मालावर त्याच्या वजनाच्या ०.८ पट जोर बाजूने येऊ शकतो, असे ती मानते. म्हणजे ३५० किलोचे यंत्र २८० किलोच्या जोराने कडेला ढकलले जाते, आणि तेही एकदा नव्हे. जहाजाच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर, दिवसेंदिवस. यंत्राच्या नाकावर आणि मागे ओढण्यासाठी जी कडी असतात, त्यांतून पट्टे घेऊन ते आडवेतिडवे बैठकीला बांधावेत, भिंतीला कधीही नव्हे. बैठकीतले आकडेही नट-बोल्टने आरपार जखडलेले हवेत. हेलकाव्यांनी खिळा हळूहळू उपसून येतो, बोल्ट येत नाही. पट्टे एकदा आवळून एक दिवस थांबावे आणि पुन्हा तपासावे. गालिचा दबतो, पट्टा सैल पडतो, हे दुसऱ्या दिवशी ध्यानात येते.

भिंतींचे काम त्यामानाने सोपे. चौकटीवर प्लायवूड मारले तरी चालते. पण प्रत्येक चौकटीत एक तिरकी पट्टी हवीच. चौकोनाला बाजूने रेटले की तो कलंडतो, त्रिकोण कलंडत नाही. छत मात्र दणकट असावे. वर 'यावर काही ठेवू नये' असे कितीही मोठ्या अक्षरांत लिहिले, तरी वर माल चढणार नाही याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

आधी यंत्राची तयारी

पेट्रोल इंजिनाचे वाहन सागरी वाहतुकीच्या नियमांत धोकादायक मालाच्या नवव्या वर्गात मोडते. टाकी पूर्ण रिकामी केली आणि बॅटरी शॉर्ट सर्किट होणार नाही अशी ठेवली, तर बऱ्याच अटींतून सूट मिळते. ही माहिती जहाज कंपनीला आधीच लेखी कळवणे श्रेयस्कर. खाऱ्या पाण्यात वापरलेल्या यंत्राचे आतील मार्ग गोड्या पाण्याने धुवावे, मागची निचऱ्याची बुचे काढून सारे पाणी जाऊ द्यावे आणि यंत्र पूर्ण वाळल्यावरच पेटीत ठेवावे.

दमटपणा हा या प्रवासातील छुपा शत्रू आहे. दिवसा तापलेला कंटेनर रात्री थंड होतो, आतल्या हवेतील बाष्प छताला लागून थेंबाथेंबाने खाली गळते. ओल्या लाकडाची पेटी केली तर हे पाणी तिनेच पुरवलेले असते. त्यामुळे लाकूड वाळलेले हवे, आत आर्द्रता शोषणाऱ्या पुड्या हव्यात, आणि ओले यंत्र प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळण्याचा मोह टाळायला हवा.

फळीतला प्रवासी

इथवरचे सारे कुशल सुताराला सहज जमते. घोटाळा होतो तो पुढेच. कारण लाकूड कधी एकटे प्रवास करत नाही. १९९६ साली न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन भागात लांब मिशांचा एक आशियाई भुंगेरा आढळला, तर १९९८ मध्ये तोच शिकागोत सापडला. चीनमधून आलेल्या मालाच्या लाकडी आवरणांतून त्याने समुद्र ओलांडला, असा निष्कर्ष निघाला. त्याला रोखण्यासाठी रस्त्याकडेची हजारो झाडे तोडावी लागली. उत्तर अमेरिकेतील पाइनच्या झाडांवर राहणाऱ्या एका सूक्ष्म सूत्रकृमीने विसाव्या शतकात जपानमधील पाइनची वने उद्ध्वस्त केली आणि १९९९ साली तो पोर्तुगालमध्येही आढळला. अमेरिकेत २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडलेल्या हिरव्या ॲश भुंगेऱ्याने तर त्यानंतर कोट्यवधी ॲश वृक्ष मारले. बंदरात उतरलेली एक किडकी फळी सबंध अरण्याला भोवू शकते, हा या घटनांचा धडा.

त्यातूनच २००२ साली 'आयएसपीएम-१५' हे आंतरराष्ट्रीय मानक आले. त्यानुसार आंतरराष्ट्रीय व्यापारात वापरलेल्या कच्च्या लाकडाच्या आवरणावर प्रक्रिया झालेली असली पाहिजे. सर्वांत रूढ पद्धत म्हणजे फळीच्या गाभ्याचे तापमान किमान ३० मिनिटे सलग ५६ अंश सेल्सिअसला ठेवणे. मिथिल ब्रोमाइड वायूची धुरी ही दुसरी पद्धत. पण हा वायू ओझोनच्या थराला घातक असल्याने युरोपीय देशांसह अनेकांनी तिच्याकडे पाठ फिरवली आहे. सालही सोलावी लागते. तीन सेंटिमीटरपेक्षा अरुंद किंवा एकूण ५० चौरस सेंटिमीटरहून लहान तुकडे तेवढे चालतात. प्रक्रिया झालेल्या लाकडावर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह, देशाचे संक्षिप्त नाव, प्रक्रिया करणाऱ्याचा क्रमांक आणि पद्धतीची अक्षरे यांचा शिक्का असतो. हाच त्या पेटीचा पारपत्र-शिक्का. तो स्पष्ट वाचता यावा आणि शक्यतो समोरासमोरच्या दोन बाजूंवर असावा.

प्लायवूड आणि सहा मिलिमीटर किंवा त्याहून पातळ लाकूड यांना या नियमातून सूट आहे. तथापि 'प्लायची पेटी आहे, मग शिक्का कशाला?' या भ्रमात राहू नये. भिंती प्लायच्या असल्या तरी वासे, चौकटीच्या पट्ट्या, अडसर आणि आयत्या वेळी ठोकलेली पाचरही लाकडाचीच असते. शिक्क्याच्या नऊ फळ्यांत बिनशिक्क्याची दहावी मिसळली, तर तपासनीस नऊ मोजत नाही. मग पेटी जाळणे, बंदरातच पुन्हा प्रक्रिया करणे किंवा माल परत पाठवणे, यांपैकी जे काही होईल त्याचा खर्च मालाच्या धन्यावर पडतो. भारतातही २००३च्या आदेशानुसार आयात मालाच्या लाकडी आवरणाला हीच अट लागू आहे. तर निर्यातीसाठी प्रक्रिया करणाऱ्यांना फरिदाबाद येथील केंद्रीय वनस्पती संरक्षण संचालनालयाकडून मान्यता मिळते. म्हणूनच आधी सुतार आणि मग शिक्का हा क्रम उलटा आहे. मान्यताप्राप्त केंद्रातून प्रक्रिया केलेले लाकूड आणावे किंवा पेटीच त्यांच्याकडून करून घ्यावी. जुन्या पेटीची दुरुस्ती करतानाही नवी फळी प्रक्रिया केलेलीच हवी.

शेवटी बाहेरच्या खुणा. वरची बाजू दाखवणारे बाण, पावसापासून जपण्याची छत्री आणि गुरुत्वमध्याचे चिन्ह या तीन गोष्टी भाषा न जाणणाऱ्या हमालालाही कळतात. इंजिन बहुधा मध्याजवळ पण जरा मागे असल्याने गुरुत्वमध्य पेटीच्या अगदी मध्यावर असेलच असे नाही; तो प्रत्यक्ष तोलून शोधावा. खिळे ठोकण्यापूर्वी आतल्या यंत्राची, पट्ट्यांची आणि शिक्क्यांची छायाचित्रे काढून ठेवावी. विमा कंपनीशी वाद झाल्यास तीच कामी येतात.

या सगळ्याला दोन-तीन दिवस अधिक लागतील, थोडे पैसेही जास्त जातील. परंतु परक्या बंदरात पेटी अडकून पडली की गोदीचे भाडे दिवसागणिक चढत जाते, आणि पेटी सोडवण्याचा खर्च हा ती नीट बनवण्याच्या खर्चापेक्षा नेहमीच जास्त असतो. सुताराला काम सांगताना त्याच्या हाती यंत्राचे माप देण्याआधी लाकडाचा शिक्का दाखवायला सांगावा.