दार अडले, ऐवज शाबूत

कात्रज, बिबवेवाडी, मार्केट यार्ड या पट्ट्यातील व्यापारी घरांत दिवाळीचे वहीपूजन आजही लाल वहीवरच होते. रोजचा हिशेब मात्र केव्हाच संगणकात गेला आहे. काही घरांत राउटरशेजारी एक लहान पेटी अहोरात्र चालू असते. तिला ‘नॅस’ म्हणतात. आत दोन किंवा चार हार्डडिस्क आणि त्यांचा कारभार पाहणारा छोटा संगणक. दुकानाची बिले, कराची विवरणपत्रे, आजींच्या वर्षीतपाच्या पारण्याची चित्रफीत, सारे त्यात जमा असते.

एके दिवशी पेटीचा दिवा नुसता लुकलुकत राहतो आणि फाइली दिसेनाशा होतात. घर हवालदिल होते. वस्तुतः अशा वेळी पुष्कळदा बिघडलेली असते ती पेटीची कार्यप्रणाली. तिजोरीचे कुलूप अडले म्हणून आतला ऐवज नाहीसा होत नाही. घरगुती नॅसपैकी बहुतेक पेट्या आतून लिनक्सवरच चालतात. म्हणून पेनड्राइव्हवरून दुसरे लिनक्स सुरू करून डिस्क वाचता येण्याची चांगली शक्यता असते.

परंतु आरंभ पेनड्राइव्हपासून करू नये. पेटी बंद करून सर्व डिस्क बाहेर काढाव्यात आणि कोणत्या खणात कोणती होती ते क्रमांक त्यांवर लिहून ठेवावेत. लिनक्स ‘स्थापित’ करण्याचा पर्याय चुकून निवडला, तर समोर डिस्कची यादी येते आणि एका होकाराने सहा वर्षांचे हिशेब पुसले जातात. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात. पुसण्यासंबंधीच्या प्रश्नालाही घरातील दोघांनी मिळून वाचल्याखेरीज उत्तर देऊ नये.

आता दोष शोधायचा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत भुयारी नळाने पाणी नेले, तेव्हा वाटेत जागोजागी उच्छ्वास ठेवले होते. हौदाला पाणी आले नाही तर सारा नळ खणायचा नसतो. उगमाकडून एकेक उच्छ्वास पाहत यायचे असते. इथेही तोच क्रम सोयीचा.

उगम म्हणजे पेनड्राइव्ह. लिनक्सची प्रतिमा-फाइल त्यावर नुसती कॉपी केली तर यंत्र सुरू होत नाही. ती ‘रूफस’ किंवा ‘एचर’सारख्या साधनाने लिहावी लागते. उतरवलेल्या फाइलची पडताळणी-संख्याही जुळवून घ्यावी. मग तोच पेनड्राइव्ह साध्या संगणकाला लावून पाहावा. तिथे चालला तर उगम स्वच्छ आहे.

पुढचा टप्पा पेटीचा, आणि खरी मेख इथेच असते. तिचा प्रोसेसर इंटेल किंवा एएमडीचा आहे की एआरएमचा, हे आधी पाहावे. एआरएम असेल तर साध्या संगणकासाठीचे लिनक्स तिच्यावर मुळीच चालणार नाही. कितीही खटाटोप केला तरी व्यर्थ. पडद्याची खाच असेल तर पडदा व कळफलक जोडून, सुरू होताना एफ२ किंवा डिलीट दाबून बायोसमध्ये जावे आणि यूएसबीला पहिला क्रमांक द्यावा. ‘सिक्युअर बूट’ आडवे येत असेल तर ते बंद करावे. यूईएफआय आणि जुनी ‘लेगसी’ पद्धत यांपैकी ज्यासाठी पेनड्राइव्ह तयार केला, तीच निवडावी. दिलेला क्रम दर वेळी पुसला जात असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल संपला असण्याचा संभव असतो. हे एवढेसे कारण भल्याभल्यांना चकवते.

कधी लिनक्सची अक्षरे दिसू लागतात आणि मध्येच ‘मूळ विभाग सापडला नाही’ अशा अर्थाचा संदेश येऊन सारे थांबते. यूएसबी जागे होण्याआधीच प्रणाली त्यावरील विभाग शोधू लागली, तर असे होते. आरंभीच्या ओळीत ‘रूटडिले’चे काही सेकंद दिले की हा अडसर बहुधा दूर होतो. पडदा काळा राहिला तर ‘नोमोडसेट’ हा शब्द देऊन पाहावा. दुसऱ्या खाचेत पेनड्राइव्ह लावणे हा उपाय पोरकट वाटतो; पण तोही लागू पडतो.

लिनक्स नीट उभे राहिले की यंत्र बंद करून डिस्क क्रमाने परत बसवाव्यात. रेड पद्धतीत एकच फाइल अनेक डिस्कांवर विभागलेली असू शकते, म्हणून त्या एकत्र जोडाव्या लागतात. जोडणी केवळ वाचनापुरती ठेवावी. एक अक्षरही लिहू देऊ नये. एआरएमची पेटी असणाऱ्यांनी याच डिस्क लिनक्सच्या दुसऱ्या संगणकाला लावाव्यात. विंडोजला लावल्यास ते फॉरमॅटची विचारणा करण्याची शक्यता असते. तेव्हा नकारच द्यावा.

मग सर्वप्रथम नव्या डिस्कवर हिशेबाची नक्कल, छायाचित्रे त्यानंतर. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात, आणि पेटी बिघडली ही सबब तिथे किती टिकेल, हे व्यापाऱ्यांना सांगायला नको. नक्कल झाल्यावर जुन्या वर्षाची दोनचार बिले उघडून पाहावीत. पेनड्राइव्ह मात्र पेटीत कायमचा ठेवून तिच्यावर कारभार चालवू नये. सततच्या लिखाणाने तो झिजतो. नाव लिहून तो किल्ल्यांच्या जुडग्यासोबत ठेवावा आणि ज्ञानपंचमीला किंवा श्रुतपंचमीला, ग्रंथांवरची धूळ झटकताना, एकदा लावून पाहावा.