खर्ज पेटीतच असतो

स्पीकर म्हटला की डोळ्यांपुढे येतो तो जाळीमागचा काळा, गोल, थरथरणारा पडदा. त्याच्याभोवतीची पेटी म्हणजे केवळ तो बसवायचं खोकं, अशी आपली समजूत असते. ती किती अपुरी आहे हे एका साध्या प्रयोगानं कळतं. जुन्या टेपरेकॉर्डरमधून किंवा मोटारीतून काढलेला एखादा सुटा स्पीकर घ्या. तारा जोडा, हातात धरा आणि गाणं लावा. गाणाऱ्याचा आवाज येईल, बासरी येईल, झांजही येईल. डग्गा मात्र कुठे गेला म्हणून शोधावा लागेल. आता एका मोठ्या जाड पुठ्ठ्याला स्पीकरच्या तोंडाएवढं भोक पाडा आणि स्पीकर त्यावर घट्ट टेकवा. डग्गा परत येतो. स्पीकर तोच, गाणंही तेच. नवीन आला तो फक्त पुठ्ठा.

याचं कारण असं. पडदा पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी पाठीमागची हवा विरळ होते. म्हणजे स्पीकर एकाच वेळी दोन आवाज काढत असतो, आणि ते एकमेकांच्या अगदी उलट असतात. उंच स्वरांची लहर आखूड असते. ती समोरच्या समोर निघून जाते. खर्जाची लहर लांब. सेकंदाला ४० कंपनं असणाऱ्या स्वराची एक लहर सुमारे साडेआठ मीटरची, म्हणजे जवळजवळ एका एस.टी. बसएवढी होते. एवढ्या लांब लहरीला वीतभर स्पीकरच्या कडेवरून मागे वळणं काहीच अवघड नसतं. पुढचा दाब मागची उणीव भरून काढतो, जमा आणि खर्च सारखे होतात आणि हाती शून्य राहतं. पुठ्ठा ही वाट अडवतो. पेटी म्हणजे त्याच पुठ्ठ्याच्या चारी कडा मागे वळवून केलेली बंद खोली.

अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी १९२५ मध्ये तारेच्या वेटोळ्यावर चालणाऱ्या, शंकूच्या आकाराच्या स्पीकरविषयी आपलं काम जाहीर केलं. आजचे बहुतेक स्पीकर त्याच वंशातले आहेत. पडदा, चुंबक, वेटोळं यांची मूळ मांडणी शंभर वर्षांत फारशी बदललेली नाही. खर्जाच्या बाबतीत जी मोठी पावलं पडली त्यातली बरीचशी पेटीत पडली.

पेटी बंद केली की नवा प्रश्न उभा राहतो. सायकलच्या पंपाच्या तोंडावर अंगठा दाबून दांडा खाली रेटून बघा. हवा स्प्रिंगसारखी उलटा जोर करते. पेटीतली कोंडलेली हवाही पडद्याला असंच मागे ढकलते. पेटी जितकी लहान, तितकी ही स्प्रिंग कडक. तबल्याची पुडी ताणली की स्वर चढतो. तसाच पडद्याचा स्वतःचा स्वर वर चढतो आणि त्याखालचा खर्ज पातळ होत जातो. म्हणून पूर्वी चांगला खर्ज हवा असेल तर कपाटाएवढी पेटी लागायची.

या अडचणीचाच उपयोग करून घेतला एडगर विल्चर या अमेरिकन माणसानं. हा मुळात कलेच्या इतिहासाचा पदवीधर. त्यानं विचार केला, हवा स्प्रिंगचं काम करतेच आहे, तर पडद्याला धरून ठेवणारी स्पीकरची स्वतःची ताठ कड हवी कशाला? त्यानं ती अगदी सैल केली आणि पडदा सांभाळायचं काम पेटीतल्या हवेवर सोपवलं. कापडाची, कागदाची ताठ कड जास्त ताणली की वेडीवाकडी वागते; हवा त्या मानानं सरळ वागते. त्यामुळे खर्ज खोल तर झालाच, स्वच्छही झाला. १९५४ मध्ये त्याच्या कंपनीचा पहिला स्पीकर आला. कपाटाएवढ्या पेटीचं काम फळीवर मावणारी पेटी करू लागली. किंमत मोजावी लागली ती विजेच्या रूपानं. तेवढाच आवाज काढायला जास्त ताकदीचा ॲम्प्लिफायर लागू लागला.

दुसरा मार्ग आपल्या घरातल्या मडक्यानं फार आधी दाखवलेला आहे. रिकाम्या मडक्याच्या किंवा बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर घातली की एक घुमारा उठतो. गळ्यातला हवेचा गोळा आतल्या हवेच्या स्प्रिंगवर खाली-वर उडत असतो. थोडं पाणी ओतलं, आतली जागा कमी झाली, की स्वर चढतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात या पोकळीच्या स्वराचा अभ्यास केला. बेल प्रयोगशाळेतल्या अल्बर्ट थुरास यांनी तोच गुण स्पीकरच्या पेटीत आणला. त्यांनी १९३० मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९३२ मध्ये ते मिळालं. आज अनेक स्पीकरांच्या पुढे किंवा मागे जे गोल भोक आणि आत नळी दिसते, ती हीच. पडद्याच्या पाठीमागचा वाया जाणारा आवाज एका ठरावीक स्वराजवळ या नळीतून बाहेर पडतो आणि येताना उलट्याचा सुलट होऊन पुढच्या आवाजाला हातभार लावतो. त्या स्वराजवळ पडदा जेमतेम हलतो, बहुतेक काम नळीच करते.

पण नळीचा हातभार त्या स्वराच्या आसपासच मिळतो. त्याच्या खाली गेलं की पडद्याचा आणि नळीचा आवाज पुन्हा एकमेकांना खाऊ लागतो. बंद पेटीत खर्ज हळूहळू उतरतो, नळीच्या पेटीत तो कड्यावरून पडल्यासारखा उतरतो. पेटी लहान आणि जुळणी कच्ची असेल, तर एकच स्वर फुगतो. मग ढोल असो की पखवाज, प्रत्येक थाप त्याच एका स्वरात ‘धुम्म’ करते. पुष्कळ लोक यालाच चांगला बेस समजतात. खरं तर तो वाजणाऱ्या वाद्याचा नसतो, पेटीचा असतो. ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी या जुळणीचं गणित मांडलं. तेव्हापासून पेटी अंदाजानं बांधायची गरज उरलेली नाही. तरीही ती अंदाजानं बांधली जाते, ही गोष्ट वेगळी.

या सगळ्याचं सार एका व्यवहारात सांगता येतं. लहान पेटी, खोल खर्ज आणि कमी विजेत मोठा आवाज, या तीन गोष्टींपैकी कोणत्याही दोन मिळतात. तिसरीवर पाणी सोडावं लागतं. एक सप्तक खाली उतरून आवाज तेवढाच ठेवायचा, तर पडद्याला चौपट हवा हलवावी लागते. म्हणून तळहाताएवढ्या डब्यावर ‘जबरदस्त बेस’ असं छापलेलं दिसलं, तर छपाईचं कौतुक करावं आणि पुढे जावं. पेटी घेताना मडकं घेतो तशी बोटानं वाजवून बघावी. पोकळ, लांबणारा नाद आला तर भिंती पातळ आहेत. त्या स्वतःच गाऊ लागतील आणि खर्ज गढूळ करतील. घरात बेस कमी वाटला तर नवा वूफर आणण्याआधी पेटी भिंतीजवळ, कोपऱ्याकडे सरकवून बघावी. भिंती आवाज परतवतात आणि बेस फुकटात वाढतो. फार घुमत असेल तर पेटी कोपऱ्यातून बाहेर काढावी.

माझा धंदा शब्दांचा, म्हणून या विषयाशी माझं एक भांडण आहे. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर सेकंदाला साधारण १०० ते १५० कंपनांचा. लहान, फुगऱ्या पेट्या नेमक्या याच्या आसपास घुमतात. व्यंजनांची ओळख मात्र खूप वर, हजार-दोन हजारांच्या पुढे असते. आपल्या कानाचा स्वभाव असा, की खालचा मोठा आवाज वरच्या बारीक आवाजाला सहज झाकतो. वरचा खालच्याला तितकासा झाकत नाही. बेस चढवलेल्या माइकवर पाट, पाठ, पात आणि पाक हे चारही शब्द शेवटच्या रांगेत ‘पा’ होऊन पोचतात. गझलेत शेराचा सारा भार काफियावर असतो. तोच ऐकू आला नाही तर दाद कशाला द्यायची? सभामंडप असो की मशिदीचा घुमट, जिथे भिंती आधीच घुमतात तिथे तर ही दैना दुप्पट. जुन्या भोंग्याला खर्ज जवळजवळ नसतोच. आवाज कर्कश, पण शब्द शेतापलीकडे कळतो, तो यामुळेच. विल्चरनंही १९६७ मध्ये कंपनी विकल्यावर पुढचं आयुष्य श्रवणयंत्रांच्या संशोधनात घालवलं. जगाला खर्ज देणारा माणूस शेवटी बहिऱ्या कानांपर्यंत शब्द कसा पोचेल, या प्रश्नावर काम करत राहिला.

उलट टोक मिरवणुकीत दिसतं, जिथे ‘बेस’ आणि ‘टॉप’ यांच्या भिंती रचल्या जातात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण ही मोजणी कानाच्या स्वभावानुसार ठरवलेल्या ‘ए’ मापानं होते, आणि ते माप खर्ज बराच कमी धरतं. सेकंदाला ५० कंपनांचा आवाज असेल तर सुमारे ३० डेसिबल वजाच होतात. शिवाय हा खर्ज इमारतींना वळसा घालून जातो आणि खिडकी लावली तरी भिंतीतून आत येतो. म्हणून मीटरवरचा आकडा बेताचा दिसत असतानाही आतल्या खोलीतल्या आजारी माणसाची छाती थरथरू शकते. त्याची तक्रार खोटी नसते. त्याला जे जाणवतं ते त्या आकड्यात नीट उतरलेलं नसतं.

खर्जाशी माझं वैर नाही. डग्ग्याशिवाय तबला आणि ढोलाशिवाय ताशा मलाही अपुराच वाटतो. पण पेटी काय करते हे कळलं की निवड आपल्या हातात येते. गाण्याला खर्ज द्यावा, तोही खरा, पेटीचा उसना नव्हे. बोलण्याला तो थोडाच पुरतो. तेव्हा पुढच्या कार्यक्रमात वक्ता उभा राहण्याआधी साउंडवाल्या भाऊंना एवढंच सांगावं, माइकचा बेस जरा उतरवा. आवाज थोडा बारीक वाटेल, पण शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल.