लिव्ह इन : मोकळीक कोणाला, जोखीम कोणाला?

लग्नाशिवाय स्त्री-पुरुषाने एकत्र राहणे, म्हणजे हल्ली ज्याला सगळेच ‘लिव्ह इन’ म्हणतात, त्यावरून सनातनी मंडळी संस्कृती बुडाली म्हणून गळा काढतात. त्यांना उत्तर देण्यात आम्ही जागा घालवणार नाही. अभिनेत्री खुशबू यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 28 एप्रिल 2010 रोजी स्पष्ट केले की, दोन सज्ञान व्यक्तींनी स्वखुशीने एकत्र राहणे हा गुन्हा नाही. ती चर्चा तिथेच संपली. आमचा प्रश्न आपल्याच शिकलेल्या तरुण-तरुणींना आहे, जे या राहण्याला जातिअंताची वाट समजू लागले आहेत.

लग्नाशिवायचा संबंध ही आमच्या आया-बहिणींना नवी गोष्ट नव्हे. मुरळी, जोगतीण, देवदासी या नावांनी पोरीचे लग्न देवाशी लावायचे आणि भोगायचे गावच्या पाटला-इनामदाराने! तिला ‘ठेवलेली’ म्हणत. तिच्या लेकरांना ना बापाचे नाव, ना शेताचा बांध. जून 1936 मध्ये मुंबईत बाबासाहेबांनी वाघ्या-मुरळी, जोगतिणी आणि कामाठीपुऱ्यातील स्त्रियांपुढे भाषण केले आणि ते जिणे सोडून लग्न करा, संसार थाटा, असे त्यांना बजावले. काही विद्वानांना आज त्यात जुनाट नीतिमत्ता दिसते. आम्हाला त्यात हक्काची भाषा दिसते. ज्या स्त्रीला ‘बायको’ हा दर्जाच नाकारला गेला, तिच्यासाठी लग्न ही बेडी नव्हती, ती सनद होती. हिंदू कोड बिल रखडवले गेले हे 1951 सालच्या त्यांच्या राजीनाम्याचे एक मोठे कारण होते, ते उगाच नाही.

आता कायदा काय देतो ते पाहू. 2005 चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. त्याच्या कलम 2(फ) मध्ये ‘विवाहसदृश संबंध’ धरले आहेत. म्हणजे लग्न न झालेली जोडीदारीणही संरक्षण, राहत्या घराचा आदेश आणि खर्चाची रक्कम मागू शकते. परंतु ऑक्टोबर 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटी घातल्या. दोघे समाजात नवरा-बायको म्हणून वावरलेले हवेत, लग्नाच्या वयाचे हवेत, लग्न करण्यास कायद्याने मोकळे हवेत आणि बराच काळ स्वेच्छेने एकत्र राहिलेले हवेत. पुरुष आधीच विवाहित असेल आणि स्त्रीला ते ठाऊक असेल, तर 2013 च्या निकालात अशा स्त्रीच्या पदरी काही पडले नाही. त्या 2010 च्या निकालपत्रात अशा बाईसाठी इंग्रजीत ‘ठेवलेली’ याच अर्थाचा शब्द वापरला गेला आणि त्यावर महिला वकिलांनी आक्षेप घेतला. शब्द गावचा असो की सर्वोच्च न्यायालयातला, डंख तोच. फौजदारी कायद्यातील पोटगीचे कलम 125 (1 जुलै 2024 पासून नव्या संहितेत कलम 144) तर ‘पत्नी’ म्हणते. मलिमथ समितीने 2003 मध्ये दीर्घकाळ एकत्र राहिलेल्या स्त्रीचा त्यात समावेश करा म्हटले. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने 2008 मध्ये तशा दुरुस्तीच्या प्रस्तावाला मान्यताही दिली. तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! कायदा मात्र बदलला नाही.

यात जात घातली की चित्र आणखी स्वच्छ दिसते. महाराष्ट्रातीलच एक प्रकरण 21 ऑगस्ट 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले. नावे देत नाही. स्त्री अनुसूचित जातीची, संबंध अनेक वर्षांचा, वचन लग्नाचे. पुढे 2014 साली गृहस्थांना तिची जात आठवली आणि 2016 साली त्यांनी लग्न दुसरीकडे जमवले. तिने बलात्काराची आणि अॅट्रॉसिटीची फिर्याद दिली. न्यायालय म्हणाले, वचन देतानाच ते पाळायचे नव्हते हे दिसले पाहिजे. नंतर मोडले म्हणून ते मुळात खोटे ठरत नाही. फिर्याद रद्द झाली. फौजदारी कायद्याच्या दृष्टीने हा तर्क आम्ही मोडीत काढणार नाही, कारण प्रत्येक तुटलेले नाते म्हणजे बलात्कार नव्हे. नव्या न्याय संहितेच्या कलम 69 लाही वचन देतानाचा हेतूच पाहावा लागतो. पण प्रेमाला न दिसलेली जात लग्नाच्या बोहल्यापाशीच कशी दिसते, याचा जाब विचारणारे कलम कुठल्याच पुस्तकात नाही. ‘घरचे तयार नाहीत’ एवढे तीन शब्द पुरतात.

बाबासाहेबांनी ‘जातिनिर्मूलन’मध्ये आंतरजातीय विवाह हा उपाय सांगितला. रक्ताचे नाते जुळले पाहिजे, आप्तभाव निर्माण झाला पाहिजे, हा त्यामागचा विचार. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये चार वर्षे राहिलेल्या जोडप्यातल्या मुलाच्या आईला ती मुलगी कोण हेच माहीत नसेल, तर कसला आप्तभाव आणि कुणाची जात मोडली?

तरीही लिव्ह इनला आमचा विरोध नाही. राहायचे त्यांनी राहावे, पण कागद ठेवून. भाडेकरार दोघांच्या नावे करावा, बँकेत संयुक्त खाते असावे, विम्यात नामनिर्देशन असावे, घराच्या हप्त्यात पैसे घातले असतील तर त्याचा पुरावा असावा. जोडीदार मेला तर विवाहाविना वारसा मिळत नाही, म्हणून मृत्युपत्र हवे. (हे सांगितले की आमची तरुण मंडळी हसतात.) आणि लग्न करायचे ठरलेच, तर बौद्ध मुलगा व हिंदू मुलगी यांना हिंदू विवाह कायद्याखालीही लग्न करता येते, कारण त्याच्या कलम 2 ने बौद्धांना त्यात धरले आहे. विशेष विवाह कायद्याची तीस दिवसांची नोटीस लावून गावभर डंका पिटण्याची गरज पडत नाही. मंगल परिणय मात्र रीतसर लावून घ्यावा, फोटो व साक्षीदार ठेवावेत आणि विवाह नोंदणी कार्यालयात नोंद करावी. नुसत्या हारावर न्यायालयात लग्न सिद्ध करताना घाम फुटतो.

सरकारने नोंदणीची सक्ती करावी, असा याचा अर्थ कुणी काढू नये. उत्तराखंडने 2024 साली केलेल्या आणि जानेवारी 2025 पासून अंमलात आणलेल्या समान नागरी कायद्यात लिव्ह इनची नोंदणी सक्तीची केली. नोंद न करता महिन्याहून अधिक राहिल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, माहिती पोलीस ठाण्याला आणि दोघांपैकी कोणी एकवीसच्या आतला असेल तर आई-बापालाही. सोनई (2013) आणि खर्डा (2014) ज्यांनी पाहिले, त्यांना आंतरजातीय जोडप्याचा पत्ता ठाण्यात पोहोचला की तो पुढे कुठे पोहोचतो हे वेगळे सांगायला नको.