गावाचं आरोग्य: पाच गैरसमज आणि जामखेडचा दाखला

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. चौदा तालुके, अकोले तालुक्याचा पावसाळी डोंगरपट्टा एका टोकाला, तर जामखेड-कर्जतचा दुष्काळी पट्टा दुसऱ्या. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने जामखेडला सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावाच्या आरोग्याबद्दल आजही पारावर आणि एसटीत जी विधानं बिनदिक्कत केली जातात, त्यांतली बरीचशी या प्रकल्पाने कधीच निकालात काढली आहेत.

गैरसमज १: मोठं हॉस्पिटल आलं की गाव आपोआप निरोगी होतं.

वस्तुस्थिती: आरोळे दांपत्य आधी याच जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात होतं. तिथे त्यांना एक गोष्ट खटकली. उपचार घेऊन घरी गेलेला रुग्ण काही दिवसांनी तेच दुखणं घेऊन परत येई. दूषित पाणी, अपुरं अन्न आणि न मिळालेली लस ही मूळ कारणं गावातच राहत होती. म्हणून जामखेडला त्यांनी रुग्णालय काढलं, पण कामाचा मुख्य भार गावांवर ठेवला. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१च्या सुमारास तिथे जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत. नव्वदच्या दशकात हा आकडा तिशीच्या आत आला. असे अनुभव पुढे ठेवूनच १९७८ साली अल्मा-आटा इथल्या जागतिक परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेची सनद मांडली गेली. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गैरसमज २: अडाणी बाईला औषधपाण्यातलं काय कळणार?

वस्तुस्थिती: प्रकल्पाने सुरुवातीला प्रशिक्षित परिचारिका गावोगाव पाठवून पाहिल्या. जम बसला नाही. परक्या मुलीला एकटीने गावात राहणं अवघड, आणि गावही तिच्यापाशी मोकळं होईना. मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडायची असं ठरलं. निवडल्या गेलेल्या बहुतेक जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित, काही परित्यक्ता. आठवड्यातून एकदा त्या जामखेडला मुक्कामी येत आणि चित्रं, गाणी, गप्पांमधून शिकत. निरनिराळ्या जातींच्या या बायकांसाठी एकत्र जोडलेली मोठी गोधडी अंथरली जाई, म्हणजे विटाळाचा प्रश्न पहिल्या रात्रीच मिटे. बाळाचं वजन करणं, गरोदरपणातली जोखीम ओळखणं, कुष्ठरोगाचा बधिर चट्टा आणि क्षयाचा खोकला हेरणं या गोष्टी त्या शिकल्या. गावात एकाच वाड्यात सासू, सून आणि शेजारीण तिघींचं ऐकून घेणारी बाई हवी असते, आणि ते कसब त्यांच्यापाशी आधीपासूनच होतं.

गैरसमज ३: हगवण लागली की पाणी तोडावं, बाळंतिणीचा पहिला चीक टाकून द्यावा, गरोदर बाईने कमी खावं.

वस्तुस्थिती: तिन्ही समजुती जीवघेण्या. हगवणीत लहान मूल दगावतं ते मुख्यतः शरीरातलं पाणी आणि क्षार संपल्यामुळे. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (पोहे खायचा नव्हे, चहाचा लहान चमचा), आणि ते घोटाघोटाने पाजत राहणं: हा उपाय कुठल्याही स्वयंपाकघरात होतो. मिठाचा अंदाज वाढू देऊ नये, आणि मूल मलूल पडलं तर वाट न बघता दवाखाना गाठावा. पिवळसर चिकात रोगप्रतिकारक द्रव्यं असतात, म्हणून बाळाला तो जन्मल्यावर तासाभरात मिळायला हवा. ‘बाळ मोठं झालं तर बाळंतपण अडेल’ म्हणून आईला अर्धपोटी ठेवलं, तर बाळ कमी वजनाचं जन्मतं आणि धोका वाढतो.

गैरसमज ४: आरोग्य म्हणजे डॉक्टर आणि औषध, पाण्याचा, जातीचा त्याच्याशी काय संबंध?

वस्तुस्थिती: १९७२च्या दुष्काळाच्या काळात प्रकल्पाने कूपनलिका घेतल्या. अनेक गावांत हातपंप मुद्दाम दलित वस्तीत बसवले गेले. ज्यांना विहिरीवर येऊ दिलं जात नव्हतं, त्यांच्या दारात सगळ्या गावाला हंडा घेऊन जावं लागलं. एकाच हापशाने स्वच्छ पाणीही आलं आणि शिवाशिवही सैल झाली. पुढे शेतकरी मंडळं आणि महिला मंडळं उभी राहिली. हाती चार पैसे आलेल्या आईचं मूल कुपोषित राहण्याची शक्यता कमी असते, हे गणित तिथे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

गैरसमज ५: आता आशाताई आहेत, म्हणजे सरकारी नोकर आहे, बाकी आपल्याला काही बघायला नको.

वस्तुस्थिती: राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली आलं आणि साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा नेमली जाऊ लागली. ती कायम सेवेतली कर्मचारी नाही. सरकारच्या लेखी ती स्वयंसेविका आहे, आणि तिला मिळतो तो मोबदला, पगार नव्हे. तिचं काम मात्र फार नाजूक जागी आहे: बाळाच्या पहिल्या काही आठवड्यांत. जामखेडच्या गावांचा एक अभ्यास २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला. शेजारच्या गावांच्या तुलनेत तिथे एक महिना ते पाच वर्षं वयातल्या मुलांचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. पहिल्या महिन्यात मात्र तसा ठळक फरक दिसला नाही. त्या महिन्याचं उत्तर गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घरोघरच्या नवजात बालसेवेतून दिलं. आज आशाताई त्याच धर्तीवर दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येते. बाळाचं वजन आणि ताप बघते, घड्याळ लावून श्वास मोजते. मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास भरले, तर ती धोक्याची खूण.

तेव्हा ती दारात आली की ‘बाळ झोपलंय, नंतर या’ म्हणून तिला परत पाठवू नका. आणि पुढच्या ग्रामसभेत दोन प्रश्न जरूर विचारा: पिण्याच्या पाण्याची तपासणी शेवटची कधी झाली, आणि आशाताईंचा मोबदला वेळेवर मिळतो का?