चोरीला गेलेला मोबाइल

मुलांनो, तुमच्या अब्बांचा मोबाइल बसच्या गर्दीत चोरीला गेला, तर काय कराल? प्रत्येक मोबाइलला १५ आकडी आयएमईआय क्रमांक असतो. चोर सिमकार्ड फेकून देतो; पण हा क्रमांक फोनमध्येच राहतो. आधी पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवा व तिची प्रत घ्या. जुन्याच नंबरचे नवे सिमकार्ड मिळवा. मग ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर हा क्रमांक देऊन फोन बंद करण्याचा अर्ज करा. ही सोय २०२३ पासून देशभर आहे. पुढे कोणी त्या फोनमध्ये दुसरे सिमकार्ड घातले, की पोलिसांना त्याचा माग लागू शकतो. तुम्ही मात्र चोराच्या मागे जाऊ नका.

पण फोन गेल्यावर हा क्रमांक कोठून आणाल? म्हणून आजच फोनवर *#०६# दाबा आणि दिसणारा क्रमांक वहीत लिहून ठेवा.